पगडी न सोसवणारा रोगी आणि त्याचा हकीम

आषाढातील ढग सह्याद्रीला टेकले की आपल्याकडील दमेकऱ्यांच्या रात्री लांबतात. हवेतील ओल छातीत उतरते, घरातील वडीलधारी माणसे अडुळशाची पाने उकळत ठेवतात, ज्येष्ठमधाची कांडी शोधली जाते. चरकाचार्यांनी तमक श्वासाचे वर्णन करताना मेघ, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो बळावतो, असे नोंदवून ठेवले आहे. असाच एक रोगी सुमारे आठशे वर्षांपूर्वी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया या समुद्रकाठच्या दमट नगरात राहत होता. तो राजघराण्याच्या वर्तुळातील उमराव होता. सर्दीपडशाने दुखण्याला आरंभ व्हावा, मग धाप लागावी आणि कफ सुटेपर्यंत जीव कासावीस व्हावा, हा त्याचा नित्याचा भोग. डोके तर असे दुखे की पगडीचा भारही सोसवत नसे. अलेक्झांड्रिया सोडून कैरोला यावे काय, हा प्रश्न त्याने ज्या हकिमाला विचारला, त्याचे नाव मूसा बिन मैमून. युरोप त्याला मायमोनिडीस म्हणून ओळखतो.

ज्यू धर्मशास्त्राचा महापंडित आणि तत्त्ववेत्ता म्हणून त्याची कीर्ती एवढी मोठी आहे की त्याच्या वैद्यकीला इतिहासात दुय्यम जागा मिळाली. ११३८ च्या सुमारास स्पेनमधील कॉर्डोबा येथे धर्मपंडितांच्या घराण्यात त्याचा जन्म झाला. तो दहा वर्षांचा असेल नसेल, तोच ११४८ मध्ये अल्मोहाद राज्यकर्त्यांनी कॉर्डोबा जिंकले आणि अन्य धर्मीयांपुढे धर्मांतर किंवा परागंदा होणे हेच मार्ग उरले. कुटुंब वर्षानुवर्षे भटकत राहिले. पुढे मोरोक्कोतील फेझ, ११६५ मध्ये पॅलेस्टाइनचा किनारा आणि अखेरीस कैरोलगतचे फुस्तात, असा हा प्रवास झाला.

फुस्तातला स्थिरावल्यावरही तो आरंभी ग्रंथांतच बुडालेला होता. प्रपंचाचा भार धाकटा भाऊ दावीद याने उचलला होता. दावीद रत्नांचा व्यापारी. ११७० च्या सुमारास नाईलकाठ सोडून, वाळवंट तुडवून तो तांबड्या समुद्रावरील ऐधाब बंदरात पोहोचला. तेथे मनाजोगता माल न मिळाल्यामुळे त्याने थेट हिंदुस्थानला जाण्याचे ठरवले आणि तसे थोरल्या भावाला कळवले. ते पत्र कैरोतील जुन्या सिनेगॉगच्या कागदपत्रांत आजही टिकून आहे. दावीद मात्र परतला नाही. आपल्या किनाऱ्याकडे येणाऱ्या वाटेवर हिंदी महासागराने त्याला गिळले. त्याच्याबरोबर कुटुंबाचे आणि इतरांचे गुंतवलेले धनही गेले. मागे राहिली त्याची विधवा आणि लहानगी मुलगी.

मूसा वर्षभर अंथरुणाला खिळून होता. ताप, गळवे आणि त्याहून मोठे दुःख. कित्येक वर्षांनी लिहिलेल्या पत्रातही ती जखम ओलीच दिसते. धर्मज्ञानाची किंमत घेणे त्याला मान्य नव्हते. उदरनिर्वाहासाठी त्याने शिकलेली वैद्यकी हाती धरली. काही वर्षांतच सलाहुद्दीनचा वजीर अल्-फादिल याच्या आश्रयाने तो दरबारी हकीम झाला आणि पुढे सुलतानपुत्र अल्-अफदल याचीही प्रकृती पाहू लागला.

पगडीवाल्या उमरावासाठी त्याने ११९० च्या सुमारास अरबी भाषेत लिहिलेला दम्यावरील प्रबंध तेरा प्रकरणांचा आहे. तो हाती घेणाऱ्याची पहिली अपेक्षा असते ती रामबाण वनस्पतीची. ती येथे पुरी होत नाही. मुळातून नष्ट करील असे औषध आपल्यापाशी नाही, हे तो दरबारी रोग्यालाही स्पष्ट सांगतो. आश्रित हकिमाने आश्रयदात्याच्या वर्तुळात असे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हे.

प्रबंधाची बरीच पाने ताटाने व्यापली आहेत. पोट तडस लागेतो भरू नये. चरबीयुक्त मांस, जड धान्ये, काकडी-कलिंगडासारखी फळे टाळावीत. बडीशेप, पुदिना, मेथी, मुळा, अंजीर, मनुका यांना त्याची पसंती आहे आणि कोंबडीच्या रश्शावर त्याचा विशेष लोभ दिसतो. म्हणजे त्याची वनस्पती आधी स्वयंपाकघरात येते, औषधाच्या खलात मागाहून. आहाराने भागत असेल तर औषध नको, सौम्य औषधाने भागत असेल तर तीव्र नको, हा त्याचा क्रम. सारक औषधे आणि बस्ती यांवरील त्याचा भर मात्र गॅलनच्या कफपित्तादी सिद्धान्तातून आलेला आहे. आज तो स्वीकारता येणार नाही आणि दम्याच्या झटक्यात तर या यादीवर विसंबून इनहेलर बाजूला ठेवणे जिवावर बेतेल.

हवेविषयीचे त्याचे विवेचन मात्र आजही टवटवीत वाटते. उंच इमारती, अरुंद गल्ल्या आणि साचलेली घाण यांमुळे नगरातली हवा कोंदट व गढूळ होते. म्हणून राहायचेच असेल तर मोकळ्या बाजूस, वरच्या मजल्यावर, ऊन आणि उत्तरेचा वारा येईल अशा ठिकाणी राहावे. उमरावाच्या प्रश्नालाही हेच उत्तर होते: समुद्रकाठच्या ओलीपेक्षा कैरोची कोरडी हवा त्याला मानवेल. मनाचा क्षोभ श्वासावर कसा उतरतो, याचीही नोंद तो करतो. भावाच्या मृत्यूने वर्षभर अंथरूण धरलेल्या माणसाने ती करावी, यात नवल नाही.

याच प्रबंधात मराकेशच्या एका अमीराची हकीकत येते. आजारातून उठलेल्या त्या तरुण अमीराला नामांकित दरबारी वैद्यांनी बळ यावे म्हणून तिर्याक दिले. सापाचे मांस आणि अफू यांसह कितीएक द्रव्ये घालून केलेले हे त्या काळचे सर्वांत प्रतिष्ठित औषध. अमीर दगावला. काही काळ मोरोक्कोत काढलेल्या मूसाने ही गोष्ट आपल्या रोग्याला मुद्दाम सांगितली आहे.

त्याचे स्वतःचे दिवस कसे जात, हे ११९९ मधील एका पत्रातून कळते. रोज सकाळी दीडेक मैलांवरील कैरोला जाऊन दरबारातील आजारी पाहायचे, दुपारनंतर उपाशीपोटी परतायचे, तर ओसरीवर ज्यू, मुसलमान, प्रतिष्ठित, सामान्य अशी गर्दी ताटकळत असे. हातपाय धुऊन दिवसातले एकमेव जेवण उरकायचे आणि रात्र पडेपर्यंत रोगी तपासायचे. शेवटी थकव्याने आडवे होऊनच तो औषधे सांगत असे. जेवण, झोप आणि विश्रांतीचे जे नियम त्याने उमरावाला घालून दिले, त्यांतील एकही त्याच्या वाट्याला आला नाही. डिसेंबर १२०४ मध्ये तो फुस्तातला वारला. परंपरेनुसार त्याचा देह तिबेरियास येथे नेऊन पुरण्यात आला. दम्यावरील प्रबंध पुढे हिब्रू आणि लॅटिनमध्ये उतरला.