सलामीचा मानकरी : मेजर रामा राघोबा राणे

प्रस्तावना

सैनिक आपल्या अधिकाऱ्याला सॅल्यूट करतो, हे दृश्य तुम्ही अनेकदा पाहिले असेल. त्यामागचा नियम सोपा आहे. कनिष्ठाने आधी हात उचलायचा आणि वरिष्ठाने त्याला सॅल्यूटनेच उत्तर द्यायचे. हा मान व्यक्तीला नसून तिच्या हुद्द्याला, म्हणजे राष्ट्राने तिच्याकडे सोपवलेल्या अधिकाराला असतो. त्यामुळे मनात आदर असो वा नसो, सॅल्यूट चुकवता येत नाही.

या क्रमाला एक अपवाद आहे. परमवीर चक्राच्या मानकऱ्यासमोर हुद्द्याने वरिष्ठ असलेला अधिकारीही आधी हात उचलतो, असा संकेत सैन्यात रूढ आहे. तो लिखित नियमापेक्षा परंपरेच्या बळावर टिकला आहे. शिस्तीचा पाया असलेली उतरंड सैन्याने स्वतःहून क्षणभर उलटी का करावी? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रस्तुत पाठात आपण मेजर रामा राघोबा राणे यांचे चरित्र अभ्यासणार आहोत.

पूर्वायुष्य

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिये या गावी झाला. वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे रामाचे शिक्षण एका ठिकाणी स्थिरावले नाही. १९३० च्या सुमारास स्वातंत्र्य चळवळीचे वारे या मुलाच्याही अंगात शिरले. वडिलांना काळजी वाटली आणि कुटुंब पुन्हा मूळ गावी परतले. इंग्रज सरकारच्या पोलिसाचा हा चळवळीकडे ओढला गेलेला मुलगा पुढे त्याच सरकारच्या सैन्यात गेला, हा विरोधाभास तुमच्या लक्षात येईल. त्या पिढीतील अनेकांच्या वाट्याला असे गुंतागुंतीचे आयुष्य आले.

१० जुलै १९४० रोजी ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. प्रशिक्षण काळात त्यांची सर्वोत्कृष्ट रिक्रूट म्हणून निवड झाली. पुढे ब्रह्मदेशात जपानी सैन्याशी लढताना माघारीच्या वेळी त्यांची तुकडी मागे राहिली. शत्रूच्या गस्ती चुकवत, नदी ओलांडून त्यांनी आपल्या माणसांना सैन्यापर्यंत परत आणले. या कामगिरीनंतर ते हवालदार झाले. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. अधिकाऱ्यांच्या श्रेणीतील ही त्या काळी सर्वांत खालची पायरी होती. सात वर्षे प्रत्येक अधिकाऱ्याला सॅल्यूट करणारा हात आता जवानांच्या सॅल्यूटला उत्तर देऊ लागला.

राजौरीचा रस्ता

अधिकारी होऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच कसोटीची वेळ आली. एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सैन्य नौशेराहून राजौरीकडे निघाले होते. राजौरीतील लोकांपर्यंत लवकर पोहोचणे आवश्यक होते. परंतु डोंगरातून जाणारा रस्ता शत्रूने भूसुरुंग पेरून आणि झाडे आडवी पाडून बंद केला होता. रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे पुढे सरकणार नव्हते. हे काम ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीतील राणे व त्यांच्या तुकडीकडे आले.

८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. दोन सॅपर ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणे होते. तरीही त्यांनी काम थांबवले नाही. ११ एप्रिलपर्यंत, मशीनगनच्या गोळीबारात आणि रणगाड्यांच्या आडोशाने, ते सुरुंग काढत राहिले, पाइनचे ओंडके स्फोटाने उडवत राहिले आणि जिथे रस्ता अडला तिथे दुसरी वाट तयार करत राहिले. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोहोचले.

या पराक्रमाचे स्वरूप नीट ध्यानात घ्या. येथे शत्रूवर झेप घेण्याचा एखादा क्षण नाही. जखमी अवस्थेत, चार दिवस, हात थरथरू न देता करायचे हे काम आहे. एका सुरुंगाबाबत झालेली चूक दुरुस्त करण्याची संधी कोणालाच मिळत नाही.

सन्मान आणि संकेत

परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली. सावित्री खानोलकर यांनी रेखाटलेल्या या कांस्यपदकावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत. १९४७-४८ च्या युद्धासाठी पाच जणांना हे पदक मिळाले. त्यांपैकी तिघांना ते मरणोत्तर देण्यात आले. राणे आणि लान्स नाईक करम सिंग हे दोघे हयात होते. त्यांतही राणे यांची कामगिरी आधीची असल्याने ते परमवीर चक्राचे पहिले हयात मानकरी मानले जातात.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळू. हुद्दा पुढच्या कामासाठी दिलेला अधिकार असतो. पदक पूर्ण झालेल्या कामाची साक्ष असते. हुद्दा बढतीने वाढतो आणि निवृत्तीबरोबर सुटतो. पदकाला बढतीही नाही आणि निवृत्तीही नाही. म्हणूनच सेनापतीचा हात लान्स नाईकासमोर उचलला जातो, तेव्हा शिस्त मोडत नाही. शिस्त ज्या गुणासाठी असते, त्या गुणालाच तो मान दिलेला असतो.

याला आणखी एक बाजू आहे. त्या सकाळी पडलेल्या दोन सॅपरांना सॅल्यूट स्वीकारता येणार नव्हता. राणे यांना पुढे आयुष्यभर मिळालेल्या प्रत्येक सॅल्यूटमध्ये त्या दोघांचाही वाटा होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. हयात मानकरी हा एका अर्थाने न परतलेल्यांचा प्रतिनिधी असतो. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात हे मानकरी जीपमधून अग्रभागी जातात, त्यामागील भाव हाच आहे.

उत्तरायुष्य व समारोप

राणे मेजर पदावरून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. तुम्ही कारवारला गेलात तर त्या पुतळ्यासमोर क्षणभर थांबा. गणवेश नसल्याने सॅल्यूट करण्याचा संकेत तुम्हाला लागू नाही. परंतु ज्या रस्त्यावरून आपण निर्धास्त चालतो, तो कोणीतरी आधी गुडघ्यांवर बसून मोकळा केलेला असतो, एवढे आठवले तरी मान दिल्यासारखेच आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. हुद्द्याला दिलेला मान आणि पदकाला दिलेला मान यांतील फरक तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. राजौरीच्या मोहिमेतील राणे यांच्या शौर्याचे वेगळेपण सांगा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या माजी सैनिकाची भेट घेऊन सैन्यातील सलामीच्या संकेतांविषयी टिपण लिहा.