बायबल हातात घेऊन पंडिता रमाबाई बिशपांशीही भांडल्या आणि गव्हर्नरशीही

म्हसवड, माण-खटावकडच्या माणसाला दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ तर या भागानं चांगलाच भोगलाय. त्याच्या दोन वर्षं आधी, १८७४ मध्ये, तिकडं मद्रास इलाख्यात उपासमारीनं एक म्हातारा शास्त्री गेला. पाठोपाठ त्याची बायको गेली. मागं राहिलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला पुराणं तोंडपाठ होती, पण त्यानं पोट भरत नव्हतं.

ही मुलगी म्हणजे रमाबाई डोंगरे. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता. पुढं आईनं मुलीला शिकवलं.

आईवडील आणि बहीण गेल्यावर रमाबाई भाऊ श्रीनिवाससोबत देशभर पायी हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्यात पोचल्या. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेतली आणि 'पंडिता', 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. गंमत बघा, पदव्या मिळाल्या आणि त्याच शहरात धर्मशास्त्र वाचायला घेतल्यावर त्यांचा विश्वास डळमळला. ग्रंथांची एकमेकांत कितीही भांडणं असली तरी बाई आणि शूद्र यांना मोक्षाचा सरळ अधिकार नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे, असं त्यांच्या लक्षात आलं.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, नोंदणी पद्धतीचं लग्न. दीड-दोन वर्षांत नवरा कॉलऱ्यानं गेला. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी.

१८८२ ला रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं साक्ष दिली. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. जायचं होतं डॉक्टरकी शिकायला. पण कान अधू झालेले, त्यामुळं ते राहून गेलं.

तिथं जोगिणींनी त्यांना लंडनजवळचं एक आश्रयस्थान दाखवलं. समाजानं टाकून दिलेल्या बायकांना तिथं मायेनं वागवत होते. हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट ऐकवली गेली. हलकी मानलेली जमात, त्यात बाई, त्यात पाच नवरे झालेली. येशू तिच्याकडं पाणी मागतो आणि देवाची भक्ती ना या डोंगरावर अडली आहे ना यरुशलेमात, हे तिलाच सांगतो. पुरोहिताच्या परवानगीशिवाय. रमाबाईंना जे हवं होतं ते इथं सापडलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गदारोळ झाला. बाजूनं बोलणाऱ्या थोड्यांत जोतीराव फुले होते. त्यांचं मूळ गाव कटगुण, म्हणजे म्हसवडच्या शेजारचाच खटाव तालुका. 'सत्सार'च्या १८८५ च्या अंकात त्यांनी रमाबाईंची बाजू घेतली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. पण पुढची जास्त भारी आहे.

कारण शास्त्र्यांचं न ऐकणारी बाई पाद्र्यांचं का ऐकेल? येशूचा त्रैक्याशी, कुमारी मातेच्या पोटी जन्माशी संबंध जोडणारी चर्चची शिकवण त्यांना जशीच्या तशी पटेना. ग्रंथ मी स्वतः वाचीन आणि मला समजेल तेच मानीन, अशी त्यांची भूमिका. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या लोकांना ती कळत नाहीत, तिथं संस्कृत का नको, यावरही वाद झाला. मांसाहार तर त्यांनी केलाच नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचं ठरलं, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रांतून स्पष्ट कळवलं की एका सत्तेच्या जोखडातून मान सोडवली ती दुसऱ्या जोखडात घालायला नाही. त्यांची धर्ममाता सिस्टर जेराल्डीन हिला हा अहंकार वाटला. आज ती पत्रं वाचली की अहंकार नेमका कुणाचा होता असा प्रश्न पडतो.

१८८६ ला त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, तिथं व्याख्यानं देऊन पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढं महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन पुण्यात हललं. तिथं मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून 'केसरी'नं झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा आक्षेप अगदीच हवेतला नव्हता. रमाबाई कुणावर सक्ती करत नव्हत्या, पण स्वतःचं दारही बंद करत नव्हत्या.

मग आलं १८९७. पुण्यात प्लेग. सरकारी प्लेग इस्पितळात तरुण बायका सुरक्षित नाहीत, असं रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्टनं आरोप झटकले. म्हणजे राज्यकर्त्यांच्याच धर्माची बाई राज्यकर्त्यांवर बोट ठेवत होती, आणि प्लेगच्या बंदोबस्तावर तिकडं तिचे जुने विरोधक टिळकही तुटून पडले होते!

त्याच सुमारास त्यांनी मध्य प्रांतातून दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. उपाशी मुलींचं काय होतं हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवटची अठरा-एक वर्षं त्यांनी एकाच कामात घातली. उपलब्ध मराठी बायबल त्यांना अवघड आणि संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला कळेल असं हवं. म्हणून उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सगळं बायबल स्वतः मराठीत आणायला बसल्या. छपाई केडगावच्याच छापखान्यात, खिळे जुळवायला सदनातल्याच बायका.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल छापून बाहेर आलं.