दोन सागरांचा संगम शोधणारा राजपुत्र

देव एक आहे, हें आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहों. शाळेच्या प्रार्थनेंत, घरच्या देवघरांत, शेजारच्या मशिदींत तेंच सत्य निरनिराळ्या भाषांनीं सांगितलें जातें. परंतु दुसऱ्याच्या भाषेंत तें कसें सांगितलें आहे, हें पाहण्याचे कष्ट घेणारे लोक विरळाच. अशा एका राजपुत्राचें चरित्र आम्ही या अंकांत विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. त्याचें नांव दारा शुकोह.

दाराचा जन्म २० मार्च १६१५ रोजीं अजमीर येथें झाला. पिता शहाजहान, माता मुमताज महल. मुलींच्या पाठीवर मुलगा व्हावा म्हणून पित्यानें अजमीरच्या ख्वाजा मुईनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्यांत नवस केला होता, असें दारानेंच पुढें लिहून ठेविलें आहे. हा ज्येष्ठ पुत्र बापाचा अत्यंत लाडका होता. इतर राजपुत्र दूरच्या सुभ्यांवर जात, तेव्हां हा बहुधा दरबारींच राही. १६३३ सालीं त्याचा विवाह त्याची चुलत बहीण नादिरा बानू हिच्याशीं झाला, आणि त्या दोघांचें प्रेम अखेरपर्यंत अभंग राहिलें.

पुढें कांहीं महिने दारा आजारी पडला व हकिमांचे उपाय चालेनात. तेव्हां शहाजहान त्याला लाहोरचे वृद्ध साधु मियां मीर यांच्याकडे घेऊन गेला. त्या भेटीनंतर आपणांस आराम पडला, अशी दाराची दृढ श्रद्धा होती. ज्याच्या बापापुढें सारें हिंदुस्थान वांकत असे, त्याला एका फकिराच्या झोंपडींत कांहींएक निराळेंच ऐश्वर्य दिसलें. मियां मीर १६३५ त वारले. पुढें त्यांचे शिष्य मुल्ला शाह यांना दारानें व त्याची बहीण जहानआरा हिनें गुरु केलें. १६४० सालीं दारानें मुसलमान साधूंच्या चरित्रांचा पहिला ग्रंथ पुरा केला.

या सुफी साधूंची मुख्य शिकवण अशी कीं, खरें अस्तित्व एका परमेश्वराचेंच. लाटा अनेक दिसल्या तरी पाणी एकच. त्याप्रमाणें जगांतील नानाविध रूपें त्या एकाच्याच आधारानें उभीं आहेत. हें ज्यास नुसत्या बुद्धीनें नव्हे तर अनुभवानें कळलें, त्याचा मीपणा गळून पडतो. वेदान्ताशीं ज्यांचा थोडाहि परिचय आहे, त्यांना यांत ओळखीचा सूर ऐकूं येईल. दारालाहि तो ऐकूं आला.

त्यानें मग शोध आरंभिला. यहुद्यांचें तौरात, दाविदाचीं स्तोत्रें व ख्रिस्ताचें शुभवर्तमान हीं त्यानें वाचलीं. एकत्वाचें तत्त्व त्यांत आहे, पण तें फार थोडक्यांत व गूढ रीतीनें सांगितलेलें आहे, असें त्याला वाटलें. १६५३ सालीं कंदाहारच्या मोहिमेंत अपयश घेऊन तो लाहोरास परतला, तेव्हां तेथें बाबा लाल या हिंदु साधूपाशीं बसून त्यानें पुष्कळ प्रश्न विचारले. पराभूत सेनापतीनें नवी फौज जमविण्याऐवजीं साधूपुढें जिज्ञासू होऊन बसावें, यांत दाराचा सर्व स्वभाव दिसून येतो. त्याचें भाग्यहि आणि दुर्भाग्यहि.

१६५५ त त्यानें ‘मजमा-उल्-बहरैन’ हा छोटासा फारसी ग्रंथ लिहिला. या नांवाचा अर्थ दोन सागरांचा संगम. यांत सुफींचे व वेदान्त्यांचे शब्द त्यानें जोडीनें मांडले आहेत. रूह म्हणजे आत्मा, इश्क म्हणजे माया. ब्रह्मा, विष्णु व महेश यांच्या जोडीला त्यानें जिब्राईल, मीकाईल व इस्राफील हे देवदूत बसविले. यांतील प्रत्येक जोडी पंडितांस पटेल असें नाहीं. परंतु दोन्हीं घरचे शब्द आदरानें शिकून घेतल्यावांचून असा प्रयत्नच होऊं शकला नसता.

त्या काळीं काशींत गोदातीराहून आलेले कवींद्राचार्य सरस्वती हे संन्यासी विख्यात होते. यात्रेकरूंवरील कर उठविण्याविषयीं त्यांनीं शहाजहानास विनविलें व बादशहानें तो उठविला. अशा विद्वानांच्या काशींतून दारानें पंडित व संन्यासी दिल्लीस आणविले, आणि १६५७ सालीं सहा महिने खपून पन्नास उपनिषदांचें फारसी भाषांतर सिद्ध केलें. त्याचें नांव ‘सिर्र-इ-अकबर’, म्हणजे महान् रहस्य. तो ज्या एकत्वाच्या शोधांत होता, त्याचा झरा आपणांस येथें सांपडला असें त्याला वाटलें.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरांत शहाजहान आजारी पडला आणि भावाभावांत युद्ध पेटलें. १६५८ च्या मे महिन्यांत आग्र्याजवळ सामूगढ येथें औरंगजेबानें दाराचा पूर्ण मोड केला. ऐन लढाईंत दारा हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला. रिकामी अंबारी पाहून तो पडला असें समजून त्याचें सैन्य उधळलें. पुढें लाहोर, सिंध, गुजराथ, अजमीर, पुन्हां सिंध असा तो वणवण फिरला. इराणच्या वाटेवर नादिरा बानू मरण पावली. तिला मियां मीर यांच्या समाधीजवळ पुरतां यावें म्हणून त्यानें उरलेले विश्वासू शिपाईहि प्रेतासोबत लाहोरास पाठविले. मग ज्या मलिक जीवनचे प्राण त्यानें पूर्वीं वांचविले होते, त्यानेंच त्याला पकडून दिलें. ऑगस्ट १६५९ मध्यें दिल्लीच्या रस्त्यांतून त्याची धिंड काढण्यांत आली, व तें पाहून लोक रडूं लागले. त्याच्यावर धर्मभ्रष्टतेचा आरोप ठेवण्यांत आला. त्याच्या अंगठ्यांवर नागरी लिपींत प्रभु हा शब्द कोरलेला होता, हेंहि त्याविरुद्ध सांगण्यांत आलें. ३० ऑगस्टच्या रात्रीं त्याचा वध झाला.

दाराचे दोष आम्हीं झांकूं इच्छीत नाहीं. तो गर्विष्ठ होता. सरदारांचा उपमर्द करी. युद्धांत व राजकारणांत कच्चा होता. त्याचा पराजय केवळ धर्ममतांमुळें झाला असें म्हणणेंहि बरोबर नाहीं. लढाई गादीसाठीं होती आणि जयसिंगासारखे रजपूतहि अखेर औरंगजेबास मिळाले. परंतु ज्या हत्यारानें त्याची मान कापली, तें त्याच्या पोथीपर्यंत पोंचलें नाहीं. ती युरोपांत गेली. आंकेतिल द्युपेराँ या फ्रेंच पंडितानें तिचें लॅटिन भाषांतर १८०१-०२ सालीं प्रसिद्ध केलें. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअर याचा तो आवडता ग्रंथ झाला. अशा रीतीनें उपनिषदें पाश्चात्यांस प्रथम भेटलीं तीं एका मुसलमान राजपुत्राच्या हातून.

सर्व धर्म सारखेच, असें तोंडानें म्हणणें सोपें आहे. दारा तेवढ्यावर थांबला नाहीं. दुसऱ्याच्या धर्माचा ग्रंथ त्यानें उघडला, त्याच्या जाणत्यांना मानानें बोलाविलें, आणि त्यासाठीं त्याला आपलें दैवत सोडावें लागलें नाहीं. दिल्लीस हुमायूनच्या मकबऱ्यांत जीं अनेक निनांवी थडगीं आहेत, त्यांतच कोठें तरी तो निजला आहे. आपल्या शेजारच्या बांकावर बसणाऱ्या सोबत्याच्या घरीं प्रार्थना कशी करितात, हें आपण आदरानें विचारूं, तर त्या निनांवी थडग्यावर एक फूल वाहिल्यासारखें होईल.