मास्तरांचा लोखंडी नांगर : लक्ष्मणराव किर्लोस्कर



एदोगावात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आई किंवा बाबा, काही घरी दोघेही, नोकरीला जातात. नोकरी मिळाली म्हणूनच आपण जपानला आलो. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार होतो. त्यातून घरभाडे जाते, शाळेची फी जाते आणि थोडे पैसे गावी आजी-आजोबांनाही पाठवता येतात. म्हणून नोकरीला नावे ठेवण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. पण पोट भरण्याचा आणि पुढे संपत्ती उभी करण्याचा दुसराही एक रस्ता असतो, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे असे आम्हाला वाटते. त्या रस्त्याने गेलेल्या एका मराठी मास्तरांची माहिती आम्ही या अंकात देत आहोत.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात पोथ्या आणि शास्त्रचर्चा होती, पण लहानग्या लक्ष्मणाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. त्याला दोनच गोष्टींचा नाद होता. एक चित्रे काढणे आणि दुसरे यंत्रांशी खटपट करणे. त्या काळी अशा मुलाचे पुढे कसे होणार, याची काळजी कुठल्याही घराला वाटली असती. पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

तिथे एक मोठीच अडचण उभी राहिली. त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही, असे लक्षात आले. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाच्या डोळ्यांतच रंगांचा दोष! दुसरा एखादा निराश होऊन घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण पेन्सिल सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढायला रंग लागत नाहीत. त्यांनी ती विद्या चांगली आत्मसात केली आणि तिच्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली. तीच संस्था आज वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. तुमच्यापैकी कुणाचे आई-बाबा तिथे शिकलेही असतील.

नोकरी चांगली होती, पण लक्ष्मणराव फक्त तास घेऊन घरी जाणाऱ्यांतले नव्हते. फावल्या वेळात ते यंत्रे हाताळत आणि ती कशी चालतात ते समजून घेत. परदेशी मासिकांतूनही ते यंत्रांची माहिती मिळवत. त्या दिवसांत सायकल ही नवलाईची वस्तू होती. मुंबईहून सायकली घेऊन त्या बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या आणि रामूअण्णांनी तिथे त्या विकायच्या, शिवाय गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवायचे, असा धंदा दोघा भावांनी सुरू केला. हे साल होते १८८८. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात याच दुकानापासून मानली जाते.

मुलांनो, इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. दुकान सुरू झाले तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडलेली नव्हती. मुंबईत एक भाऊ पगार मिळवत होता आणि बेळगावात दुसरा भाऊ दुकान सांभाळत होता. दुकानात एखादा महिना वाईट गेला तरी घरातली चूल विझणार नव्हती.

पुढे संस्थेत बढतीची एक जागा निघाली. ती लक्ष्मणरावांना मिळायला हवी होती, पण त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. राज्य इंग्रजांचे होते आणि असे प्रकार नेहमी घडत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला भावाकडे गेले. अपमान तर झालाच होता, पण जायला जागा होती आणि हातात कला होती, म्हणून त्यांना स्वाभिमान राखता आला.

बेळगावात त्यांनी शेतकऱ्यांच्या उपयोगाची यंत्रे बनवायला घेतली. आधी गुरांच्या वैरणीसाठी कडबा कापण्याचे यंत्र झाले. मग १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला. आपले शेतकरी तेव्हा लाकडी नांगराने जमीन नांगरत. लोखंडी नांगर जास्त खोल जातो, पण तो विकत घ्यायला कुणी तयार होईना. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली! पगारदार माणसाला दोन वर्षांत चोवीस पगार मिळतात. धंदा करणाऱ्याला दोन वर्षांत एकही गिऱ्हाईक न मिळण्याची शक्यता असते. घरची माणसे मात्र या दोन वर्षांतही रोज जेवायला बसतातच.

शेतकऱ्याने नांगर एकदा वापरून पाहिला की तो शेजाऱ्याला सांगे आणि शेजारी आपल्या पाहुण्यांना सांगे. वस्तू चांगली निघाली, मोडली तर दुरुस्त करून मिळाली, की विश्वास वाढतो. हल्ली ओळखी वाढवणे या गोष्टीला फार महत्त्व दिले जाते. कार्डे वाटली जातात, समारंभांत हात मिळवले जातात. लक्ष्मणरावांच्या ओळखी मात्र कामातून झाल्या. ज्याने त्यांचे काम पाहिले तोच पुढच्या वेळी त्यांच्या मदतीला आला.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण औंध संस्थानचे आहे. धंद्याचा जम बसत होता तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितले. यंत्रे, सामान, माणसे घेऊन जायचे कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे लक्ष्मणरावांना ओळखत होते. ते स्वतः चित्रकार होते आणि त्यांना कारागिराची पारख होती. औंधच्या देवळातील मंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपवले होते. आता कारखान्याला जागा हवी आहे हे कळताच त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. पाणी कमी आणि साप भरपूर. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या माणसांसह तिथे पोचले. निवडुंग तोडला, झोपड्या उभारल्या आणि भट्टी पेटवली. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर असे सहकारी त्यांना लाभले. कुणी यंत्राचे काम पाही, कुणी हिशेब, कुणी वसाहतीची व्यवस्था. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी रखवालदार नेमले आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, असा नियम होता. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. पुढे त्या माळाचे गाव झाले आणि रेल्वे स्थानकालाही किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. आज ते सांगली जिल्ह्यात, पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहे. देशातल्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींत त्याची गणना होते.

संकटे थांबली नाहीत. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्याकडच्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि तोफांच्या लोखंडाचे नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. म्हणजे धंद्यातला वाटा बाहेरच्या लोकांनाही विकत घेता येऊ लागला आणि कारखाना वाढवायला भांडवल मिळाले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणे हा मूळ हेतू होता, पण पुढे त्यातूनच 'किर्लोस्कर' हे नामवंत मराठी मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे त्याला मिळाली. आपल्या आजींनी ती नक्कीच वाचली असतील.

नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, पाण्याचे पंप अशी यंत्रे वाडीत तयार होऊ लागली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत इंजिनीयर होऊन १९२६ साली परत आले आणि त्यांनी उद्योग आणखी वाढवला. १९४६ साली पुण्यात इंजिनांचा आणि बंगलोरला विजेच्या मोटारींचा असे नवे कारखाने निघाले. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा ७८ होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आता थोडे आपल्या जपानकडे वळू या. लक्ष्मणरावांच्या दोन वर्षे आधी, १८६७ साली, शिझुओका भागात एका सुताराच्या घरी साकिची तोयोदा यांचा जन्म झाला. त्यांनीही वडिलांचा सुतारकीचा ठरलेला मार्ग सोडला. सुधारलेला लाकडी माग बनवून १८९१ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. तिकडे नांगर, इकडे माग. पुढे त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी मोटारी बनवायला घेतल्या आणि १९३७ साली तोयोता मोटार कंपनी स्थापन झाली. गंमत म्हणजे ही दोन घराणी पुढे एकत्र आली. किर्लोस्कर घराण्याच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर यांच्या पुढाकाराने १९९५ मध्ये कापडधंद्याच्या यंत्रांसाठी आणि १९९७ मध्ये मोटारींसाठी दोघांनी भागीदारी केली. सुट्टीत भारतात गेल्यावर आपण ज्या इनोव्हा गाडीत बसतो, ती बंगलोरजवळ बिडदी येथे याच भागीदारीच्या कारखान्यात तयार होते.

पालकहो, ही माहिती वाचून कुणी उद्या राजीनामा द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. परदेशात आपला व्हिसा बहुधा नोकरीशी बांधलेला असतो आणि मुलांची शाळा व्हिसाशी. शिवाय प्रत्येकाला रामूअण्णांसारखा भाऊ आणि बाळासाहेबांसारखा राजा भेटत नाही. ज्यांचे नांगर कधीच विकले गेले नाहीत, त्यांची चरित्रे कुणी लिहीत नाही. पण लक्ष्मणरावांच्या आयुष्यात नोकरी आणि धंदा एकमेकांचे वैरी नव्हते, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. नोकरीने त्यांना विद्या पक्की करून दिली आणि पहिल्या दुकानाला आधार दिला. धंद्याने तीच विद्या शेकडो घरांची चूल पेटवायला लावली. म्हणून एखाद्या मुलाने रविवारी जुने घड्याळ उघडून बसावे, किंवा एखाद्या मुलीने स्वतः केलेली राखी विकून वहीत हिशेब लिहावा, तर अभ्यास सोडून हे काय चालले आहे, असे म्हणण्याआधी आपण घटकाभर त्यांच्याजवळ बसून पाहावे.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी या महिन्याचा गृहपाठ. आजी-आजोबांना फोन करा आणि विचारा की आपल्या गावात किंवा नात्यात कुणाकडे किर्लोस्करांचा पंप, इंजिन, चरक किंवा नांगर होता का? तो कुणी घेतला, किती वर्षे चालला, बिघडला की दुरुस्त कोण करी? मिळालेली माहिती पाच-सहा वाक्यांत मराठीत लिहून पुढच्या वर्गाला घेऊन या. चांगले लेखन आपल्या पुढील अंकात छापू.