डॉ. भाऊ दाजी लाड

सोलापूर जिल्ह्यात भीमा व सीना या नद्यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे स्थान आहे. तेथील मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील मराठी शिलालेख आहे. तो उजेडात आणला सोलापूरच्या आनंद कुंभार या हौशी संशोधकाने. वेतनाची अपेक्षा न धरता इतिहासाची सेवा करणाऱ्यांची ही परंपरा जुनी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड हे तिचे एक आद्य पुरुष होत.

भाऊंचा जन्म गोव्यातील एका खेड्यात झाला. बालपणीच ते मुंबईस आले. १८५१ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण होऊन त्यांनी वैद्यकी आरंभिली. त्यांचा हातगुण मोठा होता. गोरगरिबांना ते विनामूल्य औषध देत.

रुग्णसेवेतून उरलेला वेळ ते प्राचीन नाणी, ताम्रपट व शिलालेख यांच्या अभ्यासात घालवीत. हे काम त्यांना कोणी नेमून दिले नव्हते. परंतु लेख होते दूरदूरच्या डोंगरांत व अरण्यांत! रुग्णांना सोडून तेथे वारंवार कसे जावे? नक्कल सदोष असेल, तर राजाचे नाव व काळ दोन्ही चुकावयाचे. म्हणून १८६२ च्या सुमारास भाऊंनी जुनागढचे भगवानलाल इंद्रजी या तरुणास स्वतःच्या मिळकतीतून वेतन देऊन साहाय्यक नेमले. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिलालेखावर भगवानलालांनी लहानपणापासून परिश्रम केले होते.

भगवानलाल गावोगाव हिंडून अक्षरन् अक्षर उतरून आणीत. भाऊ त्यावर विचार करून निबंध लिहीत. अजिंठ्याच्या लेखांचे त्यांनी वाचन केले. निबंधांवर नाव भाऊंचे असे. पण त्यांच्या मुळाशी भगवानलालांचे कष्टही असत.

१८७४ साली भाऊ निवर्तले. त्या वेळी भगवानलाल नेपाळच्या प्रवासात होते. आता वेतन थांबले, आश्रयही गेला. तरीही भगवानलालांनी हाती घेतलेले कार्य सोडले नाही. पुढे त्यांचे निबंध त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले व १८८४ साली हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य पदवी दिली.

मुंबईत भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ साली भाऊंचे नाव देण्यात आले. एकाने आपली मिळकत दिली, दुसऱ्याने आपले श्रम दिले. त्या दोघांच्या सहकार्यामुळेच मुके पाषाण बोलू लागले.