बादलीतल्या रॉडचा हिशेब मांडणारा माणूस : जेम्स ज्यूल

इंदूर : आज २४ डिसेंबर. थंडी चांगलीच पडली आहे आणि सकाळी घरोघरी बादलीत रॉड बुडतोय. त्या रॉडच्या पोटात एक वेटोळी तार असते. वीज गेली की ती किती तापणार, याचा नियम ज्याने शोधला त्या जेम्स प्रेस्कॉट ज्यूलचा आज जन्मदिवस.

मी कॉमर्सचा माणूस. ज्यूल माझ्या वाट्याला आला तो दहावीपर्यंतच. पुन्हा त्याच्याकडे जावं लागलं ते भाच्यामुळे. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलाच्या खिशात दिवाळीत ई-सिगारेट सापडली. आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने तिचं उत्पादन, विक्री आणि साठा, सगळंच बंद आहे. पहिल्या गुन्ह्यात विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भाचा म्हणाला, मामा, यात आहे काय, एक कॉइल आणि एक बॅटरी. ताईने घर डोक्यावर घेतलं. मला मात्र वाटलं की मुलगा बोलला ते अर्धं खरं आहे, उरलेलं अर्धं त्याला कोणी सांगितलेलं नाही. ते अर्धं ज्यूलच्या आयुष्यात आहे.

ज्यूल १८१८ साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅल्फर्ड गावात जन्मला. वडिलांचा बिअरचा मोठा कारखाना होता. पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे पोराचं शिक्षण घरीच झालं. पण एका बाबतीत नशीब मोठं. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन दोघा भावांना गणित शिकवायचे. १८३७ मध्ये डाल्टनना अर्धांगाचा झटका आला आणि शिकवणी संपली. पुढे ज्यूलने कॉलेजची पायरी कधी चढली नाही. दिवसा कारखाना आणि उरलेल्या वेळात घरातली प्रयोगशाळा, असं त्याचं चालायचं.

मालकाच्या मुलाचा पहिला विचार धंद्याचाच होता. विजेवर चालणारी मोटर तेव्हा नवीन होती. कोळसा आणि वाफेचं इंजिन काढून टाकावं आणि बॅटरीवर काम करावं, हे त्याचं स्वप्न. बॅटरीत तेव्हा जस्त खर्ची पडायचं. त्याने हिशेब मांडला : एक पौंड जस्तातून किती काम निघतं आणि एक पौंड कोळशातून किती? १८४१ च्या सुमाराला उत्तर हाती आलं. जस्त कोळशाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकं काम करत होतं आणि जस्ताचा भाव तर कोळशापेक्षा कितीतरी चढा. स्वप्न तिथेच बुडालं. आकडे फिरवून दाखवणं त्याला अवघड नव्हतं. त्याने ते जसेच्या तसे लोकांपुढे ठेवले. मला हा माणूस आवडला तो इथे. स्वतःच्या इच्छेविरुद्ध ताळेबंद मांडणारे फार थोडे असतात.

तोट्याचा हा व्यवहार तपासताना त्याने तापणाऱ्या तारेकडे लक्ष दिलं. काचेच्या नळीवर तार गुंडाळायची, ती मोजून घेतलेल्या पाण्यात बुडवायची, ठरावीक वेळ वीज सोडायची आणि थर्मामीटर बघायचं. म्हणजे आपला बादलीतला रॉडच! १८४० मध्ये नियम मिळाला. करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. त्याला तारेच्या रोधाने गुणायचं. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्या निबंधाचा नुसता सारांश छापला. ज्यूल बाविशीचाही नव्हता.

पुढचा प्रश्न होता उष्णता म्हणजे काय? बहुतेक विद्वान तेव्हा तिला एक प्रकारचा पातळ पदार्थ मानत. ज्यूलने पाण्याच्या भांड्यात पंखा बसवला आणि खाली उतरणाऱ्या वजनांनी तो फिरवला. ताक घुसळायची रवी डोळ्यांसमोर आणा, तसंच. घुसळलेलं पाणी तापलं, पण अगदी किंचित. फरक एवढा बारीक की त्याच्या थर्मामीटरवर लोकांचा विश्वास बसेना. १८४७ मध्ये त्याने मँचेस्टरच्या एका चर्चच्या वाचनालयात सगळं सोप्या भाषेत सांगितलं आणि ते भाषण छापलं एका स्थानिक वर्तमानपत्राने. आम्हा गावच्या बातमीदारांना तेवढाच अभिमान.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या सभेत त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं गेलं. विषय तिथेच संपला असता, पण विल्यम थॉमसन नावाचा तरुण प्राध्यापक उठून बोलला. हाच पुढे लॉर्ड केल्विन झाला. नंतर दोघांनी मिळून वायूंवर जे काम केलं, ते आजही वायू गार करून त्यांचे द्रव बनवताना उपयोगी पडतं.

घरात मात्र दुःख होतं. लग्नाला सात वर्षं होतायत तोच, १८५४ मध्ये, पत्नी अमेलिया गेली. पाठोपाठ कारखानाही विकला. १८७८ मध्ये सरकारने वर्षाला दोनशे पौंडांचं पेन्शन दिलं. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी तो वारला. त्याच वर्षी पॅरिसच्या विद्युत परिषदेने ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव दिलं. त्याच्या थडग्यावर एक आकडा कोरला आहे, ७७२.५५. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला तेवढ्या पौंडांचं वजन एक फूट खाली यावं लागतं, हा त्याचा आयुष्यभराचा हिशेब.

आता भाच्याकडे येऊ. बादलीतला १००० वॅटचा रॉड साधारण साडेचार अँपिअर करंट घेतो. खिशातल्या त्या यंत्राची बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची. कॉइलचा रोध ०.३ ओहम धरला तर करंट बारा अँपिअर! बोटाएवढ्या बॅटरीतून रॉडच्या अडीचपटीहून जास्त. जास्त वाफ हवी म्हणून पोरं रोध आणखी कमी करतात. रोध निम्मा केला की करंट दुप्पट, वर्ग करून चौपट, आणि निम्म्या रोधाने गुणलं की कॉइलची उष्णता दुप्पट. इथवर भाच्याला माहीत होतं.

पण जमा आहे तिथे नावेही असतं. बॅटरीला आतून स्वतःचा थोडा रोध असतो आणि तो कोणी निम्मा केलेला नसतो. दुप्पट करंट तिच्यातूनही जातो, म्हणून ती आतून चौपट तापते. लिथियमची बॅटरी फार तापली की आतली रासायनिक क्रियाच उष्णता वाढवत सुटते, मग आग लागते. धुरातल्या निकोटीनचा हिशेब याहून वेगळा.

हाच नियम आपल्या भिंतीतही आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्याच घरी एक्स्टेंशन बोर्डवर रॉड लावला आणि ढिला प्लग वितळला. ढिला जोड म्हणजे नको तिथे रोध. रॉड, गीझर, ई-रिक्षाचा चार्जर, कुठेही प्लग हाताला गरम लागला तर बंद करा आणि वायरमनला बोलवा.

भाच्याने ते यंत्र ताईच्या हवाली केलं. परत घेणार नाही असं म्हणतो तरी. मी त्याला विजेचं बिल वाचायला दिलंय. एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. दहा लिटर पाणी वीसवरून पन्नास अंशांवर न्यायला त्यातले साडेबारा लाख लागतात, रॉडला एकवीस मिनिटं. घड्याळ लावून बघा. थोडी जास्त लागतील, कारण काही उष्णता बादली आणि हवा घेते.