थोरले स्वामी महाराज आणि आपला योग

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भाविक वाचकहो, आजकाल योगाचे प्रकार किती ऐकू येतात! कुठे आसनांचा वर्ग, कुठे प्राणायाम, कुठे ध्यानाचे शिबिर. आपल्यासारख्या साठी उलटलेल्या माणसाने नेमके काय धरावे, हा प्रश्नच पडतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर मीही हौसेने टीव्हीवर बघून घरीच शीर्षासन सुरू केले. मान अशी आखडली की दोन महिने गळ्याला पट्टा! त्या दोन महिन्यांत बसल्या बसल्या प. प. वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचे चरित्र पुन्हा वाचले, आणि माझे कुठे चुकले ते कळले.

महाराजांचा जन्म सावंतवाडीजवळच्या माणगावचा, सन 1854 मधला, श्रावण वद्य पंचमीचा. वडील गणेशभट्ट, आई रमाबाई. लहानपणीच वेदाध्ययन झाले. ज्योतिष आणि वैद्यकही त्यांना चांगले येत होते. एकविसाव्या वर्षी अन्नपूर्णाबाईंशी विवाह झाला. पुढे नरसोबाच्या वाडीला गेले नि दत्तप्रभूंच्या पायाशी कायमचे बांधले गेले. सन 1883 मध्ये त्यांनी माणगावला दत्तमंदिर उभारले आणि सात वर्षे तिथली सेवा केली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. संसारात असताना त्यांनी संसार टाकला नाही. स्नानसंध्या, अग्निसेवा, आल्यागेल्याचे अन्नपाणी, हाच त्यांचा तेव्हाचा कर्मयोग होता. सन 1891 मध्ये गोदावरीकाठी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई निवर्तल्या. त्यांचे उत्तरकार्य करून मगच महाराजांनी तिथे संन्यास घेतला. पुढे उज्जयिनीला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. म्हणजे ज्ञानमार्गाची पायरी वेळ आल्यावर चढली, आधी उडी मारली नाही.

हठयोगात त्यांचा अधिकार मोठा होता. हा अभ्यास दत्तप्रभूंनीच त्यांच्याकडून करवून घेतला, अशी भक्तांची श्रद्धा आहे. आणि एवढे असूनही संग्रहणीचा विकार त्यांना आयुष्यभर होता, बरं का! योग केला की दुखणे येणारच नाही, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पोटात ते दुखणे घेऊन हा महापुरुष अनवाणी, दंड-कमंडलू हाती धरून, मधुकरी मागत हिमालयापासून तंजावरपर्यंत पायी फिरला. संन्यासानंतरचे तेवीस चातुर्मास निरनिराळ्या ठिकाणी झाले. त्यांतला 1909 चा आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला, वैनगंगेच्या काठी. नागपूरहून सकाळी निघाले तर दर्शन घेऊन संध्याकाळी परतता येईल, इतके ते जवळ आहे. आपल्या विदर्भातले कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, ही ओळखही लोकांना महाराजांमुळेच नव्याने झाली.

आता मुख्य मुद्दा. जो स्वतः कर्म, भक्ती, हठ आणि ज्ञान या चारही वाटा चालून गेला, त्याने दुसऱ्यांना काय दिले? सगळ्यांना सरसकट हठयोग दिला नाही. कोणाला आपली नित्यकर्मे नीट सांभाळायला लावली, कोणाला नामजप दिला, कोणाला गुरुचरित्राचे पारायण. त्यांचे ग्रंथच बघा. एका गुरुचरित्रावर त्यांनी दोन हजारांची द्विसाहस्री केली, मराठीत सातशे ओव्यांचे सप्तशती गुरुचरित्रसार केले आणि तीनशेची त्रिशतीही केली. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ठेव तीच, पण ज्याच्या खिशाला जो हप्ता झेपेल तो त्याने भरावा. कुमारशिक्षा, युवाशिक्षा आणि वृद्धशिक्षा असे तीन ग्रंथही त्यांनी लिहिले. विद्यार्थ्याचे, गृहस्थाचे आणि उतारवयाचे साधन एक नसते, हे त्या नावांतूनच कळते. आणि ज्याला यातले काहीच जमणार नाही, त्याच्यासाठी करुणात्रिपदी आहेच. आज ती दत्ताच्या देवळादेवळांत म्हटली जाते.

यावरून मी माझ्यापुरता हिशेब मांडला. साधन निवडताना आपले वय काय, शरीर काय सोसेल, घरची जबाबदारी किती आणि समोर बसून शिकवणारा कोणी आहे का, या चार गोष्टी आधी पाहाव्यात. रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचे दुखणे असणाऱ्याने शीर्षासनाच्या वाटेला जाऊच नये. श्वास कोंडून धरण्याचा प्राणायाम पुस्तकात वाचून करू नये. गुडघे वाकत नसतील तर खुर्चीवर बसून जप करावा, देव तोही मोजतो. ज्याचे मन चंचल आहे त्याला नुसते डोळे मिटून बसणे जड जाते. त्याने भजन नाहीतर पारायण धरावे. घरात आजारी माणूस असेल तर त्याची सेवा हाच त्या दिवसाचा योग. आणि एकदा धरलेले साधन शेजाऱ्याचे बघून दर महिन्याला बदलू नये.

महाराज शेवटी नर्मदातीरी गरुडेश्वरला राहिले आणि 1914 साली आषाढ शुद्ध प्रतिपदेला तिथेच समाधिस्थ झाले. त्यांचे धाकटे बंधू सीताराम महाराज यांची समाधी बडनेऱ्याजवळ झिरीला आहे. म्हणजे हे घराणे आपल्या विदर्भाला परके नाही.

माझा पट्टा कधीच निघाला. आता सकाळी शिक्षकांच्या देखरेखीखाली चार सोपी आसने करतो आणि संध्याकाळी सौभाग्यवतींसोबत देवापुढे करुणात्रिपदी म्हणतो. एवढेच झेपते, पण ते रोज होते. दत्तजयंतीच्या या मंगल दिवशी प्रत्येकाला आपापले साधन सापडो आणि ते शेवटपर्यंत टिको, हीच महाराजांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥